केस कापा, पण आरोग्याचं नाव लावून नको

मे संपत आला की पिंपरी कॅम्पपासून काळेवाडीपर्यंत प्रत्येक सलूनमध्ये सारखीच गर्दी दिसते. बाकावर ओळीने बसलेली मुलं, सोबत वडील किंवा मामा, आणि सगळ्यांचं एकच सांगणं : "बारीक करा, शाळा सुरू होतेय." तोवर शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सूचना येऊन पडलेली असते. "आरोग्य व स्वच्छतेच्या दृष्टीने मुलांचे केस बारीक कापलेले असावेत. मुलींनी दोन वेण्या घालाव्यात. डोक्यात उवा आढळल्यास घरी पाठवण्यात येईल."

या सूचनेतल्या एकाच शब्दाला माझी हरकत आहे. तो शब्द म्हणजे 'आरोग्य'.

गणवेश असतो तसा केसांचाही नियम शाळेला हवा असेल तर तो शिस्तीचा नियम म्हणून सांगावा. पालक तो मान्य करतील किंवा त्यावर वाद घालतील, तो त्यांचा आणि शाळेचा प्रश्न. पण 'आरोग्यासाठी' म्हटलं की नियम वैद्यकशास्त्राच्या कसोटीवर टिकला पाहिजे. हा टिकत नाही. उलट केस कापले म्हणजे काम झालं, असं समजून आपण मुलांच्या डोक्याकडे बघायचंच सोडून देतो. त्याचे परिणाम दर वर्षी जून-जुलैत माझ्या दवाखान्यात येतात.

बारीक केसांचा फायदा नेमका किती?

फायदा अजिबात नाही असं मी म्हणत नाही. बारीक केस पावसात भिजले तर लवकर वाळतात. कंगवा लवकर फिरतो. टाळूवर काही पुरळ, जखम असेल तर पटकन दिसते. उवांना एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर जायला लांब, मोकळे केस सोपे पडतात, हेही खरं.

आणि आपल्या भागात एक मोठं कारण आहे, ते म्हणजे वेळ. आई-वडील दोघेही कामावर. आई पहिल्या शिफ्टची बस पकडायला पहाटे घर सोडते, वडील तिसरी शिफ्ट करून सकाळी येऊन झोपतात. लांब केसांच्या दोन मुलींचं रोज विंचरणं कोण करणार? अशा घरात केस आखूड ठेवले तर मला त्यात काहीच गैर वाटत नाही. पण ती सोय झाली. सोयीला उपचार म्हणू नये.

जाता जाता आणखी एक समज. उन्हाळ्याच्या सुट्टीत टक्कल केलं की केस दाट येतात, असं घरोघरी सांगतात. केसाचं मूळ त्वचेच्या आत असतं. वस्तरा फिरतो तो बाहेरच्या, निर्जीव भागावर. कापलेल्या केसाचं टोक बोथट असतं, म्हणून नवीन केस हाताला जाड आणि राठ लागतात, एवढंच. मुळांची संख्या एकानेही वाढत नाही.

उवांचं गणित

आता मुख्य मुद्दा. केस कापून उवा जातात का?

उवेची मादी दिवसाला साधारण सहा ते दहा अंडी घालते. ही अंडी म्हणजे लिखा. ती केसाला चिकटवते, पण कुठे? टाळूपासून साधारण सहा मिलिमीटरच्या आत, कारण अंडं उबवायला तिथलीच ऊब लागते. आता बघा, मुलीच्या कमरेपर्यंतच्या केसांचा बॉबकट केला तरी ते सहा मिलिमीटर जिथल्या तिथे राहतात. कात्री चालते वर, लिखा असतात खाली. म्हणजे केस गेले, पैसे गेले, मुलगी रडली आणि उवा तशाच राहिल्या.

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. त्यामुळे टाळूपासून लांब दिसणाऱ्या पांढऱ्या लिखा बहुतेक वेळा रिकामी टरफलं असतात. त्या दिसल्या म्हणून मुलीला वर्गातून उठवणं म्हणजे संपलेल्या गोष्टीची शिक्षा देणं.

अंड्यातून पिल्लू सात ते दहा दिवसांत बाहेर येतं. पिल्लाची मोठी ऊ व्हायला आणखी नऊ-दहा दिवस लागतात. ऊ उडत नाही, उड्या मारत नाही, फक्त चालते. डोक्याला डोकं लागलं की दुसरीकडे जाते. डोक्याबाहेर पडली तर एक-दोन दिवसांत मरते. डोक्यातली ऊ कुठलाही रोग पसरवत नाही. खाजवून जखमा झाल्या तर त्यात पू होतो आणि मानेमागे गाठी येतात. गाठी बघून पालक टीबीच्या भीतीने धावत येतात, म्हणून हे लिहून ठेवते : मुलाच्या मानेमागे गाठ लागली तर आधी त्याचं डोकं उजेडात नीट बघा. टाळूवर जखम, पू किंवा खवले सापडले तर बहुतेकदा उत्तर तिथेच असतं. काहीच सापडलं नाही, किंवा गाठ वाढत गेली, तर डॉक्टरांना दाखवा.

पहिल्यांदाच उवा झालेल्या मुलाला खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. म्हणजे जूनमध्ये शाळेत जी मुलगी खाजवताना दिसते, तिच्या डोक्यात उवा आल्या त्या मे महिन्यात, गावी, चार चुलत-मावस भावंडं एका गोधडीत झोपली तेव्हा. तिला त्या दिवशी दुपारी बारा वाजता घरी पाठवून वर्गाचं काय रक्षण होतं? ती कित्येक आठवडे उवा घेऊनच वावरते आहे. याच कारणाने अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने, २०२२ च्या अहवालातही स्पष्ट सांगितलं आहे की उवा किंवा लिखा आहेत म्हणून कुठल्याही निरोगी मुलाची शाळा बुडवू नये. उपचार संध्याकाळी घरी सुरू करावा आणि मुलाने दुसऱ्या दिवशी शाळेत यावं.

मुलीचं डोकं आणि लाज

काही वर्षांपूर्वी जूनच्या शेवटी एक आई तिच्या चौथीतल्या मुलीला घेऊन आली. रोज सकाळी पोटात दुखतं, उलटीसारखं होतं, रविवारी मात्र ठणठणीत. मुलीच्या डोक्यावर लोकरीची टोपी होती. बाहेर पाऊस असला तरी आत चांगलंच उकडत होतं. टोपी काढायला सांगितली तर तिने दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली.

आई म्हणाली, "मॅडम, मागच्या वर्षी शाळेतून दोनदा चिठ्ठी आली होती उवांची. या वर्षी कटकट नको म्हणून गावाकडंच टक्कल करून आणलं."

पोटात काहीच नव्हतं. वर्गात तिला काय म्हणून हाक मारतात, ते तिने मला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

त्या आईला मी दोष देत नाही. दोन चिठ्ठ्या आल्यावर, कामावरून खाडे करून शाळेत उभं राहावं लागल्यावर, तिला सुचला तो उपाय तिने केला. टक्कल केल्यावर उवा जातात, हेही खरं. पण दहा मिनिटांच्या औषधाने आणि एका फणीने होणाऱ्या कामासाठी आपण नऊ वर्षांच्या मुलीचं डोकं भादरतो, आणि त्याला आरोग्य म्हणतो. मुलाचं टक्कल चार दिवसांत विसरलं जातं. मुलीचं विसरलं जात नाही.

आपल्या महाराष्ट्राला तरी हे वेगळं सांगायला नको. बाईचे केस काढणं म्हणजे तिला लाज देणं, हे आपण केशवपनाच्या रूपाने पिढ्यान् पिढ्या केलं आहे. १८९० साली मुंबईच्या नाभिकांनी सभा घेऊन विधवांचं केशवपन करायला नकार दिला. कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांचा त्यात पुढाकार होता. ज्यांच्या हातात वस्तरा होता, त्यांनीच तो खाली ठेवला. विधवेची गोष्ट वेगळी आणि उवा झालेल्या मुलीची वेगळी, हे मला कळतं. पण डोकं भादरल्यावर चारचौघांत मान खाली जाते, ती दोघींचीही सारखीच.

काही शिक्षक यापुढे जातात. वर्गातच कात्री घेऊन मुलांच्या केसांवर 'नमुना' कापतात, म्हणजे घरच्यांना कापावेच लागतील. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ करायला मनाई करतं आणि तसं करणाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई सांगतं. वर्गासमोर जबरदस्तीने केस कापणं याला मानसिक छळ नाही तर काय म्हणायचं?

खरा धोका खुर्चीवर आहे

गंमत अशी की 'आरोग्यासाठी' मुलाला ज्या खुर्चीवर बसवलं जातं, तिथूनच तो आजार घेऊन येऊ शकतो.

शाळेआधीच्या शेवटच्या रविवारी एका सलूनमध्ये किती डोकी होत असतील, याचा विचार करा. एकच मशीन, एकच कंगवा, गळ्याभोवती एकच कापड. झिरो मशीन आणि फेड कटमध्ये मशीनचं पातं थेट त्वचेवर घासलं जातं आणि बारीक ओरखडे उठतात. आधीच्या मुलाच्या डोक्यात नायटा असेल तर त्याची बुरशी केसांच्या तुकड्यांबरोबर पात्यात अडकते आणि पुढच्या मुलाच्या ओरखड्यात उतरते. स्पेनमधल्या त्वचारोगतज्ज्ञांनी अलीकडच्या वर्षांत किशोरवयीन मुलांमधल्या अशा नायट्याचा संबंध सलूनमधल्या मशीन कटशी जोडला आहे. आपल्याकडे हा कट गल्लोगल्ली आहे.

डोक्यातला नायटा ओळखायचा कसा? गोल चट्टा, त्यावर कोंड्यासारखे खवले, आणि चट्ट्यातले केस मुळापाशी तुटलेले, काळ्या ठिपक्यांसारखे. चट्टा अगदी गुळगुळीत असेल, खवले नसतील, तर ती बहुधा चाई असते. चाई संसर्गाने पसरत नाही. दोन्हींचे उपचार पूर्ण वेगळे आहेत, म्हणून खुर्चीवर बसल्या बसल्या निदान नको आणि चट्ट्यावर लसूण घासणं तर नकोच. कधी कधी नायट्याची मऊ, पू भरल्यासारखी मोठी सूज येते. ती गळू समजून फोडली जाते. ती फोडायची नसते. वेळेवर उपचार झाला नाही तर त्या जागी केस कायमचे जातात.

डोक्यातला नायटा मलमाने बरा होत नाही, कारण बुरशी केसाच्या मुळात शिरलेली असते. त्याला वजनानुसार पोटातून औषध लागतं, कित्येक आठवडे, आणि ते डॉक्टरांनीच ठरवायचं. तरी घरोघरी मेडिकलमधून आणलेली एक ट्यूब असते, ज्यात बुरशीचं औषध आणि स्टेरॉईड एकत्र असतं. खाज दोन दिवसांत थांबते आणि बुरशी आत वाढत राहते. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशी १४ स्टेरॉईडं असलेली मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. किती दुकानांत हे पाळलं जातं, तुम्हीच बघा.

वस्तऱ्याचं तर विचारूच नका. कल्ले आणि मानेमागची रेघ वस्तऱ्यानेच काढली जाते. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तात, शरीराबाहेर किमान सात दिवस जिवंत राहतो. म्हणून तुमच्या डोळ्यांसमोर नवीन ब्लेड लावलं पाहिजे. आणि तुरटीचा एकच खडा सगळ्यांच्या मानेवर फिरतो, त्याला सरळ नाही म्हणा.

यात नाभिक बांधवांना झोडपण्याचा माझा हेतू नाही. पन्नास मुलं एका रविवारी पाठवायची, दहा मिनिटांत एक उरकायला लावायचं, दोन रुपयांच्या ब्लेडवरून घासाघीस करायची आणि मग स्वच्छतेची अपेक्षा ठेवायची, हे बरोबर नाही. ही गर्दी शाळेच्या सूचनेने आणि आपल्या घाईने तयार केलेली आहे.

"पण मॅडम, एकामुळे सगळ्या वर्गात पसरतं ना?"

हा प्रश्न शिक्षकही विचारतात, आणि तो रास्त आहे. एका वर्गात साठ मुलं, एका बाकावर तीन. पसरतं. पण पसरणं थांबतं ते उपचाराने. 'उवा निघाल्या तर घरी पाठवू' अशी धमकी दिली की पालक लपवतात. लपवलेल्या उवा जास्त पसरतात. नायट्याचंही तसंच. डॉक्टरांनी औषध सुरू केल्यावर मूल शाळेत यायला हरकत नसते, फक्त टोपी, कंगवा, टॉवेल कुणाशी वाटून घ्यायचा नाही. शाळेने धमकीऐवजी माहिती दिली तर वर्ग जास्त सुरक्षित राहील.

आणि ज्यांना शिस्त हवी आहे त्यांनी शिस्तच म्हणावं. माझ्या शास्त्राची सही त्यावर नको.

मग करायचं काय?

पालकांसाठी :

१. सलूनला नेण्याआधी मुलाचं डोकं उन्हात बसवून बघा. कानामागे, मानेवर, टाळूवर. चट्टा, खवले, पू, तुटलेले केस दिसले तर आधी डॉक्टर, मग सलून. मूल मोफत तपासून घ्यायचं असेल तर वायसीएम रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात दाखवता येईल का, ते आधी विचारून घ्या.

२. केस शाळेच्या आदल्या दिवशी कापू नका. दोन आठवडे आधी, मधल्या वारी, सकाळी न्या. गर्दी नसते आणि हत्यारं साफ करून घ्यायला वेळ असतो. घरचा कंगवा आणि टॉवेल सोबत न्या.

३. उवा असतील तर १ टक्का परमेथ्रिनचं लोशन वापरा. दोन महिन्यांपेक्षा लहान बाळाला नाही. डोक्यावर तेल असेल तर औषध नीट पोचत नाही, म्हणून आधी शॅम्पूने धुऊन टॉवेलने टिपून घ्या. कंडिशनर नको. लोशन सगळ्या केसांना लावून दहा मिनिटं ठेवा, मग धुवा. मेडिकलमध्ये टक्केवारी वाचून घ्या; ५ टक्क्यांचं मलम खरजेसाठी असतं.

४. नवव्या दिवशी पुन्हा लावा, कारण वाचलेल्या लिखांतून तोपर्यंत पिल्लं निघालेली असतात. ही दुसरी मात्रा लोक विसरतात आणि औषधाला नावं ठेवतात. गुरुवारी कारखान्याला सुट्टी असेल तर पहिली मात्रा गुरुवारी, दुसरी पुढच्या आठवड्याच्या शनिवारी.

५. दोन आठवडे दर तीन दिवसांनी ओल्या केसांतून बारीक दातांची फणी फिरवा. औषध अजिबात नको असेल तर नुसत्या फणीनेही जमतं, पण मग चिकाटी लागते.

६. एका खोलीत झोपणाऱ्या सगळ्यांची डोकी बघा. ज्यांच्या डोक्यात जिवंत उवा दिसतील त्या सगळ्यांना एकाच दिवशी औषध लावा, आईलासुद्धा. नाहीतर उवा घरातल्या घरात फिरत राहतात.

७. रॉकेल, झुरळांचा खडू, डासांचा फवारा डोक्याला लावू नका. सीताफळाच्या बियांची पूडही नको. ती डोळ्यात गेली तर बुबुळाला गंभीर इजा होते. कापूर घातलेलं तेल लहान मुलाच्या पोटात गेलं तर झटके येऊ शकतात.

सलून चालवणाऱ्यांसाठी :

प्रत्येक डोक्यानंतर मशीनच्या पात्यातले केस ब्रशने काढा, मगच जंतुनाशक फवारा. केस अडकलेले असतील तर औषध पात्यापर्यंत पोचत नाही. कंगवे साबणाने धुऊन ब्लीचच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवा. ब्लेड दर वेळी नवीन. चट्टा दिसला तर केस न कापता पालकांना डॉक्टरांकडे पाठवा. असं सांगणाऱ्या सलूनवाल्याला मी स्वतः गिऱ्हाईक पाठवीन.

शाळांसाठी :

सूचनेतून 'घरी पाठवण्यात येईल' हे वाक्य काढा. उवांची चिठ्ठी एका मुलीच्या वहीत न देता सगळ्या वर्गाला एकत्र द्या, त्यात औषधाचं नाव आणि नवव्या दिवसाची आठवण लिहा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्याची पथकं सरकारी आणि पालिकेच्या शाळांत मुलांची तपासणी करतात, आणि त्यांच्या यादीत खरूज आणि बुरशीसारखे त्वचेचे आजारही आहेत. ती भेट वर्षाच्या सुरुवातीलाच मागून घ्या. खाजगी शाळांनी एका दिवसासाठी डॉक्टर बोलवावा. डोकी बघायची तर पडद्याआड, एकेकाला, नाव न पुकारता.

या जूनमध्ये तुमच्या शाळेच्या ग्रुपवर 'आरोग्याच्या दृष्टीने' अशी सूचना आली, तर एक साधा प्रश्न विचारा : कुठल्या आजारासाठी? उत्तर 'उवा' असेल तर त्यांना औषधाचं नाव पाठवा. उत्तर 'नायटा' असेल तर सलूनच्या मशीनबद्दल विचारा. आणि उत्तरच आलं नाही, तर केस तुमच्या मुलाचे आहेत. हवे तेवढे ठेवा, पण डोकं मात्र उजेडात नेऊन एकदा नीट बघा.